वाळूची ऊब आणि सागरी कासवे

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सप्ताहात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सव समितीने ह्या सप्ताहातील एक सायंकाळ आमच्या वाट्यास दिली आणि विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही दिले. आज आम्ही समुद्रातील कासवाविषयी बोलणार आहोत. ज्यांचे अर्धे आयुष्य होडीवर गेले अशी पुष्कळ मंडळी समोर बसली आहेत. कासवाविषयी बोलण्याचा त्यांचा अधिकार आमच्याहून मोठा आहे. ते जाळ्यात येते, खलाशाचा वेळ खाते, जाळे फाडते आणि बाजारात त्याचे काही मोल येत नाही. एवढाच बहुतेकांचा त्याच्याशी परिचय. तो आज थोडा वाढवावा अशी आमची विनंती आहे.

पूर्वी 'हवापालट' हा शब्द दुखणाइताच्या तोंडी असे. औषधाने गुण येईना म्हणजे वैद्य सांगत, माथेरानास किंवा पाचगणीस जा आणि हवापालट करून या. हल्ली साऱ्या पृथ्वीचीच हवा पालटत आहे, आणि तिला दुसरीकडे कोठे जाता येत नाही. दगडी कोळसा, खनिज तेल व वायू जाळल्याने जो कार्बन डायऑक्साइड साठतो, तो पृथ्वीवर गोधडीसारखा पसरतो आणि तिची ऊब बाहेर पडू देत नाही. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत ह्या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' हे पत्र लिहिले ते केवळ कॅथलिकांस नव्हे, तर पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येकास उद्देशून. आणि आठ वर्षांनी, २०२३ मध्ये, 'लाउदाते देउम' लिहून त्यांना तोच विषय पुन्हा काढावा लागला. पहिल्या पत्राचा परिणाम पुरेसा झाला असता तर दुसऱ्याची गरज पडली नसती, एवढे त्यावरून कोणीही ताडू शकेल.

परंतु ही गोष्ट इतकी अवाढव्य आहे की ऐकणाऱ्याचे मन तिच्यावर ठरत नाही. ध्रुवावरचे बर्फ वितळले, तेथील अस्वले उपाशी राहिली, असे ऐकून आपण हळहळतो आणि जेवावयास बसतो. म्हणून आम्ही एकच प्राणी घेतला, आणि तोही आपल्या पुळणीवर येणारा.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अंडी घालावयास येणारे कासव प्रामुख्याने ऑलिव्ह रिडले जातीचे. लांबी दोन-सव्वादोन फूट, पाठ राखी-हिरवट. साधारणतः नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ह्या माद्या रात्रीच्या वेळी पाण्याबाहेर येतात. समुद्रात वल्ह्यासारखे चालणारे त्यांचे पाय जमिनीवर निरुपयोगी. तरी अंग ओढत ओढत मादी भरतीच्या रेषेच्या वर चढते, मागच्या पायांनी दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा उकरते आणि त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहते. ती लेकरांसाठी रडते अशी समजूत आहे. खरे पाहता समुद्राचे पाणी पिऊन शरीरात जाणारे मीठ ती डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकत असते. पण ही समजूत ज्याने प्रथम काढली त्यास आम्ही दोष देणार नाही. मग ती खड्डा बुजवते, अंगाने वाळू चोपते आणि निघून जाते. पिल्लांची व तिची भेट होत नाही. पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस अंड्यांची आई म्हणजे वाळू.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास, आंजर्ले, गुहागर, तसेच सिंधुदुर्गातील व रायगडातील कित्येक पुळणींवर ही घरटी होतात. ती उकरून अंडी खाणे किंवा विकणे ही कोकणात सर्रास चाललेली गोष्ट होती. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने वेळास येथे घरटी राखण्याचे काम आरंभिले, आणि जे हात अंडी उकरीत होते त्यांतलेच काही पुढे राखण करू लागले. मुंबईत वर्सोव्याच्या पुळणीवरील कचऱ्याचे ढीग लोकांनी उपसले, तेव्हा २०१८ च्या मार्चमध्ये तेथेही रिडलेची पिल्ले वाळूतून वर आली. ह्यावरून दिसते की कासवाने आपला किनारा पुरता सोडून दिलेला नाही. गुहागरला २०२५ च्या जानेवारीत अंडी घालावयास आलेल्या एका मादीच्या अंगावर तर ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये लावलेला बिल्ला सापडला. पूर्व किनाऱ्याची मादी हिंदुस्थानचे टोक ओलांडून कोकणात आली!

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. माणसाचे मूल मुलगा की मुलगी, हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरते. समुद्रकासवाचे तसे नाही. अंडे घातले तेव्हा आतला जीव नरही नसतो व मादीही नसतो. उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागात वाळू जितकी उष्ण असेल त्यावर ते ठरते. सामान्यतः २९ अंश सेल्सिअसच्या आसपास नर व माद्या सारख्या निपजतात. वाळू त्याहून दोन अंश गार असली तर जवळजवळ सगळे नर, दोन अंश उष्ण असली तर जवळजवळ सगळ्या माद्या. जातीपरत्वे व किनाऱ्यापरत्वे ह्या आकड्यांत थोडा फरक पडतो. उष्णता ३४-३५ अंशांवर टिकून राहिली तर मात्र पिल्लू अंड्यातच मरते.

सेमिनरीत आम्ही थॉमस अक्विनास वाचला. अॅरिस्टॉटलच्या मागोमाग जाऊन तोही लिहितो की, अपत्य मादी होण्यामागे दक्षिणेच्या दमट वाऱ्यासारखे कारण असू शकते. त्या ओळी आल्या की वर्गात हसू पिकत असे. माणसाविषयी ते मत चूकच होते. परंतु अपत्याचे लिंग बाहेरच्या हवेवर अवलंबून राहू शकते ही कल्पना सृष्टीत अगदीच अनोळखी नाही, हे १९६६ साली मॅडलीन शार्निए ह्या फ्रेंच विदुषीने आफ्रिकेतील सेनेगालमध्ये एका सरड्याच्या अंड्यांवरून प्रथम दाखविले. पुढे कासवांतही तेच आढळले.

ह्या व्यवस्थेस नावे ठेवण्याचे कारण नाही. थंडीतल्या घरट्यांतून नर, उन्हाकडच्या घरट्यांतून माद्या. झाडाच्या सावलीत नर, उघड्या पुळणीवर माद्या. असा हिशेब युगानुयुगे जुळत आला. पण तो दोन-तीन अंशांच्या अरुंद पट्टीवर जुळलेला हिशेब आहे, आणि आता त्याच पट्टीवर आपण बोट ठेवले आहे. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे, १९५१ ते २०१५ ह्या काळात उष्णकटिबंधातील हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी सुमारे एका अंशाने वाढले. एक अंश म्हणजे काय, असे आपल्याला वाटते. ताप आलेल्या मुलाच्या आईला तसे वाटत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस ग्रेट बॅरियर रीफ नावाची जी प्रवाळांची प्रचंड रांग आहे, तेथील हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. कासवाचे पिल्लू बाहेरून पाहून नर की मादी हे कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी ४११ कासवांचे रक्त तपासून त्यातील संप्रेरकांवरून ते ठरविले, आणि प्रत्येकाचा जन्म कोणत्या किनाऱ्यावरचा हे आनुवंशिक खुणांवरून काढले. दक्षिणेकडील, त्या मानाने गार किनाऱ्यांवर जन्मलेल्यांत माद्यांचे प्रमाण शेकडा ६५ ते ६९ भरले. उत्तरेकडील उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या वयस्क कासवांत ते शेकडा ८७ च्या जवळ होते, आणि लहानांत शेकडा ९९ च्याही वर. म्हणजे शंभर पिल्लांत एक नर, तोही असलाच तर.

हे कोणाच्याही डोळ्यांस दिसत नव्हते. त्या उत्तरेकडच्या रेन बेटावर एकेका हंगामात साठ-साठ हजार माद्या जमतात. पुळणीवर येते ती मादीच. नर जन्मल्यानंतर सहसा पाण्याबाहेर येत नाही. तेव्हा किनाऱ्यावर उभे राहून मोजणाऱ्यास भरभराटच दिसणार. आपल्याकडे ओडिशातील ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी २०२५ मध्ये रिडलेच्या सुमारे सात लाख माद्या अंडी घालून गेल्याची नोंद झाली, आणि वर्तमानपत्रांत आनंदीआनंद झाला. आनंद झाला तो योग्यच होता. पण त्या लाखो माद्या जन्मल्या त्या पूर्वीच्या, अधिक गार वर्षांत. आजच्या वाळूने काय निपजविले ते कळावयास रिडलेच्या बाबतीत दहा-पंधरा वर्षे लागतील. हिरव्या कासवाच्या बाबतीत पंचवीस किंवा त्याहून अधिक. आपल्या देवळाचा पाया घातला त्या वर्षी फुटलेल्या अंड्यातील हिरव्या कासवास ह्या पन्नास वर्षांत कदाचित दुसरीच पिढी दिसत असेल.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माद्या वाढल्या की जात ताबडतोब बुडते असे नाही. एक नर अनेक माद्यांस पुरतो, आणि नर माद्यांपेक्षा अधिक वेळा मीलनास येतात. त्यामुळे काही काळ तर अंड्यांची संख्या वाढतेसुद्धा. धोका आहे तो त्यानंतरचा, आणि ज्या पिढीने तो ओढवून घेतला ती पिढी तो पाहण्यास बहुधा असणार नाही.

तारली मासळीशी ताडून पाहा. केरळात २०१२ साली सुमारे ३ लाख ९० हजार टन तारली उतरली. २०२१ मध्ये साडेतीन हजार टनसुद्धा नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ही मोजदाद केली आहे. समुद्राचे तापणे, एल निनोची वर्षे आणि बेसुमार मासेमारी, ही सारी कारणे त्यात गुंतलेली आहेत. पण तारलीचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. अनुकूल हंगाम येताच पुढच्या दोन-तीन वर्षांत ती पुन्हा लाखाच्या वर गेली. समुद्र बिघडला की तारली लगेच सांगते, आणि सुधारला की लगेच सावरते. कासव ह्या दोन्ही गोष्टी अतिशय सावकाश करते. नाखव्याला रिकामे जाळे दिसते तसे कासवाचे रिकामेपण कोणास दिसणार?

कोणी म्हणेल, फादर, हा प्राणी दहा कोटी वर्षे समुद्रात आहे. त्याने हिमयुगे पाहिली, उष्ण युगे पाहिली, ह्यातूनही तो तरेल. आक्षेप योग्य आहे, आणि त्याला काही आधारही आहे. भूमध्य समुद्रात लॉगरहेड जातीची कासवे पूर्वी बहुशः पूर्वेकडील ग्रीस, तुर्कस्थान, सायप्रस येथे अंडी घालीत. अलीकडे इटली व स्पेनच्या किनाऱ्यांवर त्यांची घरटी वाढत आहेत. कित्येक ठिकाणी माद्या हंगामाच्या आधीच येऊ लागल्या आहेत. म्हणजे कासव हातपाय हलवीत नाही असे नाही. पण पूर्वीचे बदल हजारो वर्षांच्या चालीने झाले आणि हा एका माणसाच्या आयुष्यात होत आहे. शिवाय पूर्वी एक पुळण गेली तर कासवास दुसरी पुळण मोकळी मिळे.

आज मोकळी पुळण कोठे आहे? हा प्रश्न तुमच्या-आमच्या घराजवळ येतो. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ ह्या काळात दरवर्षी सरासरी ३.३ मिलिमीटरने चढत गेली. त्यापूर्वीच्या शतकातील वेगाच्या ही जवळजवळ दुप्पट किंवा त्याहून अधिक. अरबी समुद्रातील चक्रीवादळांविषयी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ पर्यंतच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांची संख्या सुमारे दीडपट झाल्याचे दिसले. ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते ह्यांची आठवण करून देण्याची गरज नाही. ज्यांच्या घरांची कौले उडाली ते येथे बसले आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक चतुर्थांश भाग समुद्र खात आहे अशी सरकारी मोजणी आहे.

समुद्र पुढे सरकला की मोकळी पुळणही मागे सरकते. तिचा तो स्वभाव आहे. मर्यादावेल वाळू धरून ठेवते, तिच्यामागे केवडा, त्यामागे उंडी, आणि सगळी रांग हळूहळू जमिनीकडे हलते. परंतु मागे भिंत असली तर पुळण सरकणार कोठे? समोरून लाट, पाठीशी दगड. मधली वाळू दर उधाणाला थोडी थोडी जाते आणि अखेरीस दगडांच्या पायथ्याशीच पाणी येते. त्या दगडांवर कासवास चढता येत नाही. ती येते, शोधते आणि परत जाते.

धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा विषय आपल्या गावात किती नाजूक आहे ते आम्ही जाणतो. ज्याच्या ओटीपर्यंत उधाणाचे पाणी आले, त्याने कासवाकडे पाहून बंधारा नको म्हणावे असे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही; तसे सांगणारा धर्मगुरू स्वतः समुद्रापासून दूर, पक्क्या घरात झोपतो हे तुम्हांला ठाऊक आहे. वस्तीपुढे बंधारा व्हावा. पण जेथे मागे वस्ती नाही, केवळ सुरूचे बन आहे किंवा पडीक जागा आहे, तेथेही दगड ओतत जाण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. आणि ज्या रात्री आपण बंधाऱ्यासाठी अर्ज लिहितो, त्याच रात्री त्याच किनाऱ्यावरून वाळूचे ट्रक भरून निघावेत, हे तर कोणत्याच हिशेबात बसत नाही. पुळण हाच पहिला बंधारा. तो विकून दुसरा मागावयाचा, असा हा व्यवहार आहे. हे बोलणे काही जणांस रुचणार नाही. इलाज नाही.

रेन बेटावर काय केले ते ऐकण्याजोगे आहे. तेथे भरतीचे पाणी घरट्यांत शिरून अंडी बुडून मरत होती. तेव्हा २०१४ पासून यंत्रे लावून पुळणीचा काही भाग वाळूने उंच केला, आणि अंडी पाण्याच्या वर राहू लागली. घरटी फार तापतात तेथे त्यांवर सावली करणे, पाणी शिंपडणे असेही उपाय जगात ठिकठिकाणी चालले आहेत. तथापि किती पुळणींवर सावली धरणार आणि किती वर्षे? दुखण्याचे मूळ धुरात आहे. तेथे हात घातल्यावाचून हे उपाय म्हणजे तापकऱ्याच्या कपाळावरची ओली पट्टी. पट्टी तरीही ठेवावी; तिने रात्र निघते.

आणि पट्टी ठेवणे आपल्या हाती आहे. वाळू तापली तरी अंडी देणाऱ्या माद्या जिवंत राहिल्या, तर एखाद्या गार वर्षी नर निपजण्याची आशा राहते. ती मादी जाळ्यात गुदमरून मेली तर तीही गेली. कासव फुफ्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात दीर्घकाळ बुडून राहिले की मरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्याला स्थान आहे, हे दंडाच्या भीतीने सर्वांस ठाऊक झाले. परंतु संरक्षित जीव सोडविण्यासाठी जाळे कापावे लागले तर महाराष्ट्र शासनाने २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना ठेवली आहे, हे पुष्कळांस ठाऊक नाही. कापलेल्या जाळ्याचे व सोडलेल्या प्राण्याचे छायाचित्र काढून ठेवावे. अर्ज लिहिण्यास कोणास अडचण वाटल्यास मिस्सानंतर आमच्याकडे यावे. कासव जखमी सापडल्यास डहाणूला उपचार केंद्र आहे. वनखात्यास कळविले म्हणजे पुढची व्यवस्था होते.

दुसरे दिव्यांविषयी. पिल्ले रात्री वाळूतून वर येतात आणि जिकडे क्षितिज उजळ दिसते तिकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर उजळ दिसतो तो समुद्र. पुळणीकडे तोंड केलेला मोठा दिवा असला की ती त्याकडे, म्हणजे रस्त्याकडे, जातात आणि सकाळी कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी पडतात. आपल्या क्रुसाच्या मागील, समुद्राकडे रोखलेले दोन दिवे महोत्सवानंतर काढावेत, निदान हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मालवावेत, असे आम्ही विश्वस्तांस कळविले आहे. त्यांनी मान्यही केले आहे.

राहिले घरट्याचे. भल्या पहाटे पुळणीवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा, पण एकाच चाकाचा रुंद माग पाण्यातून वर जाऊन परत आलेला दिसला, तर तो मादीचा समजावा. माग पुसू नये, वाळू उकरू नये. शेजारी काठी रोवून खूण करावी, कुत्री दूर ठेवावीत आणि वनखात्यास त्याच सकाळी कळवावे. अंडी घरी आणून टोपलीत ठेवण्याचा मोह, विशेषतः मुलांना, फार होतो. घातल्यानंतर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस चिकटतो. त्यानंतर अंडे उलटे झाले तर तो मरतो. म्हणून हलवायचीच वेळ आली तर जाणत्या माणसाने, लवकरात लवकर, आणि वरची बाजू वरच ठेवून हलवावीत.